धरणातल्या बेटावरचा थोर

रानडुकरांची वाट बुजवायला आम्हाला काटेरी थोर हवा होता, आणि तो उरला होता फक्त धरणाच्या मधोमध, बेट होऊन बसलेल्या टेकडीवर! मानोऱ्याकडच्या आमच्या शिवारात पूर्वी बांधाबांधावर थोर होता. तारेचं कुंपण आलं आणि आम्हीच शहाण्यांनी तो उपटून फेकला. गेल्या साली रात्री पिकाची जागल करताना डुकराने माझ्या सासऱ्यांचा, जानराव मामाजींचा पाय मोडला. तरी यंदाही ते काठी टेकत जागलीला निघालेच!

"नाल्याकडची वाट बंद करा, मंग मी घरी झोपतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून सासूबाई प्रयागबाई, दीर मुन्ना आणि मी भर दुपारी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून निघालो. पोहता येणारा एकटा मुन्ना!

बेटावर बोरी-बाभळींनी आमचे कपडे फाडले, हात ओरबाडले. आणि समोर थोर! दोन पुरुष उंच, मांसल हिरव्या फांद्या, धारेधारेवर काटे. मुन्नाने खुशीत कुऱ्हाड उगारली.

"खाली उभा राहून कायले तोडतं रे? चीक डोयात जाईन!" सासूबाई ओरडल्या.

मुन्ना बाजूला उडाला आणि पांढरा चीक त्याच्या जागेवर टपटपला. वाचला!

फांद्या जाड पोत्यांत गुंडाळून आम्ही फळीवर बांधल्या. एक मात्र उघडीच राहिली, आणि सासूबाईंना ती सोडवेना. "एवढीशी तं हाय," म्हणत त्यांनी ती पायाशी घेतली.

मध्यावर वारा सुटला. फळी कलली. फांदी घसरून काटे ट्यूबमध्ये घुसले. फुस्स!

"माय, फेक सगळं!"

"नाई फेकत! हे मंग जागलीले जातीन!"

मीच गाठ सोडली आणि पोती पाण्यात ढकलली. फळीला लटकलो. मुन्ना ओढत होता, आम्ही पाय मारत होतो. नाकात पाणी, तोंडात पाणी! शेवटी पायाला चिखल लागला. इतका गोड चिखल मी जन्मात पाहिला नाही.

काठावर मामाजी उभे होते. काठी कुठल्या कुठे, स्वतः गुडघाभर पाण्यात.

"माह्या हावेपायी गेलं सगळं," सासूबाई रडू लागल्या. "वाट उघडीच राह्यली."

"राहू दे. तुले पाण्यात पाह्यलं, तवा समजलं मले, तू घरी रातभर कशी राह्यत असशीन. डुक्कर खाईन तं खाईन. मी नाई जात आता."

"मंग हे आंधी काहून नाई समजलं?" सासूबाई कडाडल्या, आणि ओरबाडलेल्या हाताने त्यांनी मामाजींचा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.