थेट बॅटरीला जोडलेली वायर

थोरल्या भावापर्यंत सूर्य मावळायच्या आत पोचायचं होतं. बाकी कशालाच अर्थ नव्हता!

वाळवंटात खांबांवर बसवलेल्या वारामापकांच्या नोंदी गोळा करून आणणं हे थोरल्याचं काम. काल वायरलेसवर त्याचा तुटक निरोप आला : गाडी उलटली, पाय मोडला, तिसऱ्या खांबापाशी पडलोय, पाणी उद्या संध्याकाळपर्यंतच. मग नुसती खरखर. सुटकेची तुकडी यायला दोन दिवस लागणार होते. म्हणून पहाटेच धाकटा भाऊ मोटारसायकल काढून निघाला आणि मागे वहिनी बसली. हा वायरमन, ती घड्याळं दुरुस्त करणारी. दोघांनाही वाळवंटाचा गंध नव्हता!

वाट दाखवणाऱ्या जीपीएसची बॅटरी तासाभरातच मान टाकायची. म्हणून निघण्यापूर्वी धाकट्याने मोटारसायकलच्या बॅटरीवर चालणारं चार्जिंगचं सॉकेट बसवलं होतं. दहा मिनिटांत काम फत्ते! स्वारी स्वतःवरच खूश होती.

भर दुपारी इंजिन तापून कुरकुरायला लागलं, तेव्हा दोघं एका खडकाच्या सावलीला थांबली. वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून धाकट्याने सोबतच्या तिन्ही रिकाम्या पॉवर बँका सॉकेटला लावून दिल्या. पहाटेपासूनची दमणूक होती. कधी डोळा लागला, दोघांनाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा दोन तास उलटले होते. धाकट्याने धडपडत स्टार्टरचं बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्! किक या गाडीला नव्हतीच. ढकलून पाहावं तर मऊ वाळूत चाक नुसतं रुतत होतं. घामाने दोघं निथळली, गाडी तसूभर हलली नाही.

वहिनी सॉकेटकडे बघत राहिली. "भाऊजी, हे चावीवरून जोडलंत ना? चावी काढली की बंद होणारं?"

"नाही... थेट बॅटरीला." धाकट्याने कपाळावर हात मारला. "घरातलं सॉकेट कुठे चावी मागतं, वहिनी? सवयीने जोडून बसलो."

तो मटकन खाली बसला. अजून चौदा किलोमीटर! चालत गेलं तर पोचायला अंधार होणार, आणि पाय मोडलेल्या माणसाला आणायचं कसं? आपल्या हाताने आपण दादाचा जीव घालवला, असं वाटून त्याला हुंदका फुटला.

"रडायचं नंतर," वहिनी म्हणाली. "बॅटरीतली वीज गेली कुठे? ह्या तीन डब्यांतच ना? एकेक किती व्होल्टचा?"

"पाच."

"टॉर्चमधल्या सेलसारखे एकापुढे एक लावले तर?"

धाकटा ताडकन उठला. "पंधरा! बॅटरी बाराची आहे. घेईल! मधे मागच्या दिव्याचा बल्ब टाकू, म्हणजे एकदम लोंढा जाणार नाही!"

त्याने चार्जिंगच्या केबली कापल्या. घरातल्या बल्बला वायर उलटी लागली तरी तो पेटतो. इथे एक वायर उलटी, की खेळ खलास! वहिनीने डोळ्याला भिंग लावलं, साडीच्या पदराचा दोरा उसवला आणि प्रत्येक लाल वायरला गाठ मारली. "गाठीची वायर पुढच्याच्या बिनगाठीला. सावकाश."

शेवटचं टोक बॅटरीला टेकलं. बल्बमध्ये अंधूक तांबडी तार दिसू लागली!

मग वाट बघणं. पश्चिमेला धुळीची भिंत चढत होती. वहिनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती, आणि घड्याळ सरकायला तयार नव्हतं. पंचवीस मिनिटं. चाळीस. थोरल्याचं पाणी संपत आलं असेल. तास भरला. धाकट्याने वायरी सोडल्या, पुढच्या दिव्याचा प्लग उपटला. थेंबभर वीजही दुसरीकडे जायला नको होती.

"एकदाच जमेल, वहिनी."

"दाबा!"

घर्र... घर्र... बंद पडतंय, पडतंय... आणि इंजिन धडाडलं! वहिनी मागे चढली. धुळीने पाठ धरली. रेतीचे चटके डोळ्यांत, तोंडात! गाडी दोनदा आडवी होता होता वाचली. पण धाकट्याने ॲक्सिलरेटरची मूठ सैल सोडली नाही. आता इंजिन बंद पडलं, तर तिघांचाही निकाल होता.

तिसऱ्या खांबाच्या आडोशाला थोरला दिसला. ओठ फुटलेले, कवटाळलेली नोंदींची पेटी. पण डोळे उघडे होते!

"पेटी घ्या," तो पुटपुटला. "दोन वर्षांच्या नोंदी आहेत."

"राहू दे ती!" धाकटा इंजिनाच्या आवाजावर ओरडला. "तीन माणसं आणि पेटी, गाडी रुतेल!"

वहिनीने नवऱ्याच्या हातांतून पेटी सोडवली, खांबाला घट्ट बांधली, त्याच्या पायाला फळकुट आवळलं आणि त्याला दोघांच्या मधे बसवलं. थोरल्याने दोन घोट पाणी घेतलं. मग त्याची नजर सॉकेटवर गेली आणि त्याने खिशातला बंद पडलेला मोबाईल काढला.

"अरे वा! जरा लावू का चार्जिंगला?"

"नाही!" धाकटा किंचाळला.

"एवढं काय ओरडतोस? आणि यायला एवढा उशीर कसा रे झाला?"

धाकट्याने सॉकेट तळहाताने झाकलं. वहिनीने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजींना ऊन लागलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही पाणी प्या."

डोळ्यांतली धूळ पुसायच्या निमित्ताने धाकट्याने डोळे पुसले आणि गाडी वळवली.