आलीस की राहिलीस

निगुडकर मास्तर पुण्याकडचे. कळमनुरीकडचा मसाजी वर्गाच्या दारातून 'येतोय'ऐवजी "येऊन राहिलो, सर" म्हणाला, की ते चष्म्यावरून बघत. "आलास की राहिलास? एक काहीतरी सांग बाबा!" वर्ग खो-खो हसे. मसाजीही हसे. हैदराबादच्या त्या चित्रशाळेत त्याच्याशी कोणी बोलायचं ते एवढंच.

त्या वर्षी शाळा विद्यार्थ्यांच्या चित्रांचं पुस्तक छापणार होती. लढाईचे दिवस, कागदाची टंचाई. मोजकीच चित्रं घ्यायची होती. मसाजीनं गावाकडचं आपलं घर काढलं. मास्तरांनी ते परत दिलं.

"घर झकास. पण यात राहतं कोण? उंबऱ्यावर माणूस बसव, मग घेतो."

राहतं कोण, हे त्यांना कसं सांगावं? बाप त्याला आठवतही नव्हता. गेल्या पावसाळ्यात आई गेली, आणि तार मिळून तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं.

तरी तो गावी गेला. भर दुपारी अंगणात कागद घेऊन बसला. मेंढरं रानात गेलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. उंबऱ्यावर आईची बसायची ढब उतरली, हात उतरले, हातातली लोकर कातायची टकळी उतरली. चेहरा मात्र काही केल्या आठवेना. पोटच्या पोराला आईचं तोंड आठवू नये, याची त्याला लाज वाटली. मग लहानपणी मारायचा तशी त्यानं हाक मारली, "माय!"

तेव्हा ती आतून म्हणायची, "येऊन राहिले, येऊन राहिले," आणि हातातली लोकर कातून संपल्याशिवाय काही उठायची नाही.

आज आतून आवाज आला नाही. ओल्या लोकरीचा वास तेवढा आला, आणि त्याचा हात चालू लागला. डोळे, पडका दात, हनुवटीवरचं गोंदण... आई कागदावर हुबेहूब येऊन बसली.

शेजारून चुलती कौशल्याबाई ताक घेऊन आली आणि कागद बघून थबकली.

"हे काय केलंस रे लेकरा? तिचा चांदीचा टाक अजून देव्हाऱ्यात बसवला न्हाई. घरच्या मेलेल्या माणसाला जागा असती ती तिथं... अन् तू कागदावर दिलीस?"

"चित्र हाय, काकी."

"व्हय. पण गावाबाहेर नेऊ नको. कागद जाईल तिथं ती बी..." ताकाचा तांब्या ठेवून ती निघून गेली.

पण मसाजीला चित्र पुस्तकात हवंच होतं. नाहीतर इतकी वर्षं आईला एकटं टाकून तो शिकला कशासाठी? त्यानं कागदाची सुरळी केली आणि हैदराबाद गाठलं.

मास्तरांनी सुरळी उलगडली.

"माणूस काढला नाहीसच," ते हळू म्हणाले. "पण काय जमलंय रे! उंबऱ्यावरून आत्ताच कोणी उठून गेलंय असं वाटतं. घेतो मी हे."

मसाजीनं वाकून पाहिलं. उंबरा रिकामा होता. रबरानं खोडल्याची खूणही नव्हती.

तो खोलीवर परतला तेव्हा दिवेलागण झाली होती. जिन्यातच ओल्या लोकरीचा वास आला. दाराला त्याचंच कुलूप होतं, आणि आत टकळी गरगरत होती. त्यानं किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही. भीती वाटत होती, तरी तो दाराला कान लावून उभा राहिला. एवढ्या मोठ्या शहरात त्याच्या खोलीत आजवर कोणी नव्हतं.

"माय...?"

"येऊन राहिले... येऊन राहिले..."

मास्तरांचा प्रश्न आपसूक त्याच्या ओठांवर आला. "आलीस... की राहिलीस?"

टकळी थांबली. लोकर संपली असावी. आणि कुलपाची किल्ली अजून त्याच्या मुठीतच होती, तोच आतली कडी हळूच निघाली.