तामातीला आणायला

जॉन्सनव्हिलच्या त्या चढावरच्या गल्लीत वारा पडला, की लोक उगाचच आभाळाकडे बघतात. वेलिंग्टनच्या माणसाला वाऱ्याची इतकी सवय असते, की तो थांबला तरच चुकल्यासारखं होतं. त्या रविवारी सकाळी वारा पडला होता. घरातलं दूध संपलं म्हणून संघमित्रा पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून कोपऱ्यावरच्या डेअरीकडे निघाली आणि रोजच्यासारखी शेजारच्या फाटकापाशी थांबली.

"हुइयाआन्टी, काही आणायचंय का?"

एरवी उत्तर ठरलेलं असायचं. पाव, नाहीतर मांजराचं खाणं. त्या दिवशी म्हातारी व्हरांड्यात शाल पांघरून बसली होती. तिने संघमित्राकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं क्रीटला चाललात ना गं? मग माझ्या भावाला घेऊन ये."

संघमित्राला आधी वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण हुइयाआन्टींचं डोकं शाबूत होतं. थकली होती ती किडनी. ऐंशी ओलांडलेल्या त्या माओरी बाईने शांतपणे सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात, एकेचाळीसच्या मे महिन्यात, ग्रीसच्या क्रीट बेटावर लढाई झाली, तेव्हा न्यूझीलंडची पोरं तिथे होती. तिचा थोरला भाऊ तामाती त्यातलाच एक. हुइया तेव्हा सहा वर्षांची. तामाती परत आला नाही, त्याचं शरीरही सापडलं नाही. त्याचा एक सोबती तेवढा जगून आला. तिथल्या एका गावामागच्या टेकडीवर, ऑलिव्हच्या बागेत, दगडी हौदापाशी त्याला शेवटचं पाहिल्याचं त्याने सांगितलं होतं.

"तिथे जाऊन कुणी त्याला हाक मारलेलीच नाही," हुइयाआन्टी म्हणाल्या. "आई वाट बघत गेली. मला डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. हाक मारल्याशिवाय तो येणार कसा? त्याला वाटेल, आपल्याला विसरले."

संघमित्रा इंजिनियर. भूकंपात जुन्या इमारती कोसळू नयेत म्हणून त्यांच्या भिंतींना आधार द्यायचं तिचं काम. वाढली खडकीला, बाबासाहेबांच्या फोटोखाली, जिथे भूतखेताचं नाव काढलं तर तिचे वडील संभाजी जेवणाच्या ताटावरून उठायचे. ते महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलीला एकच हट्टाचा धडा होता: वर्दीतल्या माणसाला एकेरी हाक मारायची नाही. तो जिवंत असो की नसो.

तेव्हा भुतावर विश्वास नसला, तरी सैनिकाची बहीण काही मागते आहे एवढं तिला कळलं. "आणते," ती म्हणाली. आणि मग दूध आणायला गेली.

*

क्रीटचा बेत अमेयचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. "मेमध्येच जायचं," तो म्हणायचा. "जूनपासून तिथे मरणाची गर्दी. आत्ता गेलं की बेट आपलंच."

आणि खरोखरच बेट त्यांचंच होतं. हॉटेलांचे तलाव नुकते भरले जात होते. किनाऱ्यावरच्या खाणावळींत खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या आणि खिडक्यांच्या झडपांना ताजा निळा रंग देणं चाललं होतं. समुद्र गार होता, तरी अमेय पोहायचे टॉग्ज घालून रोज उतरला. संघमित्रा मात्र काठावर बसून मागच्या डोंगरांकडे बघत राहिली. लष्करी स्मशानभूमीत ते जाऊन आले. पांढऱ्या दगडांच्या रांगांमधून तिने एकेक नाव वाचलं. तामातीचं नाव नव्हतं. ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या दगडांवर नाव नव्हतंच.

परतायला एक दिवस उरला तेव्हा ते त्या गावी गेले. दुपार टळटळीत होती. चर्चच्या सावलीत गाडी लावली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या झडपा बंद, सगळं गाव जेवून आडवं झालेलं. कुठेतरी शेळीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"मी येतो," अमेय म्हणाला.

"नको रे. हे काम मला सांगितलंय."

ती एकटी चढली. वाटेवर रानटी ओव्याचा वास होता, आणि मधमाश्यांचा एवढा आवाज, की सगळी टेकडीच गुणगुणते आहे असं वाटावं. ऑलिव्हची झाडं म्हाताऱ्यांसारखी वाकडीतिकडी उभी होती. बागेच्या वरच्या अंगाला हौद सापडला. कोरडा, दगड निखळलेला, तळाशी वाळका पाला.

तिथे पोचल्यावर तिला आपलंच हसू आलं. भर दुपारी परक्या मुलखात एका रिकाम्या हौदाशी बोलायचं! पण शब्द दिला होता. तिने गळ्यातली ओढणी नीट केली, पाठ ताठ केली आणि हुइयाआन्टींनी घोकून घेतलेलं माओरी वाक्य म्हटलं. तामाती, तुझी बहीण हुइया बोलावते आहे, घरी ये.

काही झालं नाही. मधमाश्या गुणगुणत होत्या. दूर घंटा वाजत होती.

ती निघायला वळली. पण मन मागे अडकलं. पाठ केलेलं वाक्य म्हटलं, पण आपण स्वतः काहीच बोललो नाही असं तिला वाटलं. ती पुन्हा हौदाकडे वळली आणि तिच्या तोंडून आपोआप मराठी आलं. वडिलांनी शिकवलं होतं तसं, आदराने.

"चला. खूप वाट बघितलीत. आता घरी चला."

घंटा थांबली.

मग मधमाश्या थांबल्या... एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तशा.

उन्हाचा, ओव्याचा वास गेला आणि त्याच्या जागी ओल्या लोकरीचा, घामाचा, फुटलेल्या फटाक्यासारखा जळका वास आला. हौदाच्या पलीकडून आवाज झाला. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत एखादा माणूस उठतो ना, तसा. ती बघत राहिली. उठलेलं कुणीच दिसत नव्हतं. मग तसाच आवाज डावीकडच्या झाडाखालून आला. मग उजवीकडून. मग वरून, खालून, बांधाआडून, सबंध उतारावरून. वर्गात मास्तर आले की पोरं उठतात, तशी ती सगळी टेकडी उठून उभी राहिली.

तेव्हा संघमित्राच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो ते. 'चल' म्हणालो असतो, तर एकजण आला असता. आपण 'चला' म्हणालो.

पळावं असं वाटलं. खाली नवरा होता, गाडी होती, ऊन होतं. पण पळणाऱ्याच्या मागे कोण कसं येणार? आणि बोलावून घेऊन आपणच पळून जायचं? खडकीच्या मैदानावर सव्वीस जानेवारीला ताठ उभे राहणारे वडील तिला दिसले. तिने ओठ घट्ट मिटले, टेकडीकडे पाठ केली आणि ती चालायला लागली. सावकाश.

मागून बूट वाजले. आधी विस्कळीत, अडखळत, कुणी लंगडत. मग चार पावलांत सगळ्यांनी पाऊल मिळवून घेतलं. तिच्या तळपायांना जमिनीचा ठोका जाणवू लागला. एकदाच तिने मान वळवली. वाट मोकळी होती. फक्त वाळकं गवत दबत होतं आणि सावकाश वर येत होतं, दबत होतं आणि वर येत होतं, थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत.

भीती होतीच. मानेवरचे केस उभे होते. पण त्या भीतीवर दुसरंच काही चढत गेलं. छाती आपोआप पुढे आली. खडकीच्या एका सुभेदाराची मुलगी, आणि तिच्या मागून एवढी पलटण चालत होती! तिला वाटलं, बाबांनी हे बघायला हवं होतं.

गावातल्या पहिल्याच घराची झडप उघडली. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दारात आली. तिने संघमित्राकडे नाही, तिच्या मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग छातीवर हात ठेवला, आत गेली आणि पाण्याचा घडा आणून उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवला.

"सगळे?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"सगळे," संघमित्रा म्हणाली.

"हळू ने, पोरी. दमलेत."

घड्यातलं पाणी कुणी हात न लावता खाली खाली जात होतं. तो रिकामा होईपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

अमेय गाडीच्या टायरकडे वाकून बघत होता. "हवा गेलीय का गं? गाडी बसल्यासारखी वाटतेय." ते बसले. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्येही कण्हत होती. आरशात बघायचं अमेयने टाळलं.

"मित्रा..." तो अगदी हळू म्हणाला. "मागे कोण आहे?"

"आपली माणसं आहेत. तू समोर बघून चालव."

*

विमानात त्यांच्या मागची रांग रिकामी होती. तरी हवाई सुंदरी पुन्हा पुन्हा तिथे येऊन विचारायची, "आपण बोलावलंत का?" आणि कुणीच नाही असं बघून गोंधळून परत जायची.

जॉन्सनव्हिलला पोचले तेव्हा दुपार कलली होती आणि हिवाळ्याची पहिली बोचरी थंडी पडली होती. टॅक्सी वळली आणि संघमित्राला फाटकात हुइयाआन्टी दिसल्या. चार पावलं टाकायला काठी आणि माणूस लागणारी बाई, काळा झगा घालून, डोक्याला हिरव्या पानांचं कडं बांधून एकटी ताठ उभी होती. ते दोघं आज येणार हे तिला कुणी कळवलं नव्हतं.

संघमित्रा उतरली आणि हुइयाआन्टींनी हाक दिली. पाहुणे अंगणात येताना माओरी बायका देतात ती हाक. लांब, उंच, थरथरत जाणारी. गल्लीतली कुत्री गप्प झाली. फाटकाची कडी आपोआप उचलली गेली. फाटक उघडलं, आणि कितीतरी वेळ मिटलंच नाही.

"तामाती," म्हातारी हवेत हात फिरवत म्हणाली, कुणाचे तरी गाल चाचपावेत तसा. "किती रे उशीर केलास!" ती रडत होती आणि हसत होती. मग तिचे डोळे फाटकाकडे गेले आणि मोठे झाले.

"पोरी... तू किती जणांना हाक मारलीस?"

संघमित्राने सांगितलं. मराठीत आदराने एकाला बोलावलं, तरी ते सगळ्यांना बोलावल्यासारखं ऐकू येतं म्हणून. हुइयाआन्टींनी तिचं तोंड ओंजळीत धरलं, कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. "मी एक भाऊ मागितला होता," त्या म्हणाल्या. "तू सगळ्यांचे आणलेस."

त्यानंतर रोज सकाळी म्हातारी व्हरांड्यात बसायची आणि एकेकाला विचारायची, तुझा डोंगर कोणता, तुझी नदी कोणती. माओरी माणूस आपली ओळख अशीच सांगतो. कुणी रोटोरुआकडचा, कुणी पार उत्तरेकडचा, एक गोरा पोरगा डनिडनचा. ती वाट सांगायची. कडी वाजायची, आणि एकजण घरी जायचा.

संघमित्राने खडकीला फोन लावला. सगळं सांगून झालं. आता बाबा ओरडणार, शिकून वाया गेलीस म्हणणार, असं तिला वाटलं.

"मागे कुणी राहिलं नाही ना?" संभाजींनी विचारलं.

"नाही बाबा."

खुर्ची करकरली. ऐंशीला टेकलेला माणूस फोन कानाला लावून उठून उभा राहिल्याचा आवाज तिने ऐकला. "शाबास," ते म्हणाले. तिच्या जन्मात तिने हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

वसंतात हुइयाआन्टी गेल्या, झोपेत, समाधानाने. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी संघमित्राला जवळ बोलावलं.

"सगळे गेले. तामाती तेवढा माझ्यासाठी थांबलाय. पण एक राहिलाय गं. नाव सांगत नाही, नदी सांगत नाही. आमच्यातला नाही तो. फाटकातून आलाच नाही..." त्यांनी अंगणातल्या उंच झाडाकडे बोट केलं. "तो वरून आला."

तो कोण असेल, ते संघमित्राला कळलं. त्या टेकडीवर पॅराशूटने शत्रूची, जर्मनांची, पोरंही उतरली होती, काही झाडांतच अडकून मेली होती. 'चला' म्हणताना तिने कुणाची बाजू विचारली नव्हती. पण आणलं आपण, तर पोचवायचंही आपणच, असं तिने मनाशी ठरवलं. रोज कामाला जाताना ती झाडाखाली थांबते, ताठ उभी राहते आणि इंग्रजीत, मराठीत विचारते, "तुमचं गाव कोणतं?" उत्तर येत नाही. वारा नसला, की वर मोठं रेशमी कापड फडफडल्यासारखं मात्र होतं.

गेल्या आठवड्यात त्या झाडाची एक जाड फांदी त्यांच्या छपराकडे फार झुकली म्हणून अमेयने झाडं कापणारा माणूस बोलावला. तो दोर बांधून वर चढला आणि लगेच खाली आला. करवत वरच राहिली.

"वर माणूस लटकलाय," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आधी त्याला उतरवा."

तिघांनी वर पाहिलं. फांदीवर कुणी नव्हतं. वाराही नव्हता. फक्त ती फांदी जोरजोरात वर-खाली होत होती, इतका वेळ तिला धरून राहिलेल्या कुणीतरी नुकताच हात सोडल्यासारखी.