टेकवलेलं दार

वैजनाथमामा नगरला आले होते ते चष्मा बदलायला. हे माझ्या नवऱ्याचे थोरले मामा. नेवाशाला एका वकिलांकडे त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली. चष्म्याचं काम लांबलं, शेवटची एसटी गेली आणि ते आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर मुक्कामाला राहिले. जेवणं झाली आणि लाइट गेली.

"मामा, भुताची सांगा ना," माझी नणंद आरती म्हणाली.

"नको, पार्थ झोपलाय," मी म्हणाले. पार्थ दहा महिन्यांचा. त्याला भूत आणि भोपळा सारखेच. घाबरणारी मीच, पण आई झाल्यापासून आपली सगळी भीती बाळाच्या नावावर खपवायची सोय झाली आहे.

"भुताची आपल्याला येत न्हाई," मामा म्हणाले. "झालेली सांगतो. माझ्या वळखीच्या मानसाची हाय."

त्यांनी सांगितली तशीच लिहिते आहे. मधे कुठे माझं काही घुसलं असेल तर तो माझा भित्रेपणा समजावा.

शनीच्या शिंगणापूरला रंगनाथ म्हणून एक गृहस्थ. मूळचे कर्जतकडचे, तरुणपणी घरजावई होऊन इकडे आले. घर बायकोच्या नावावर, तिच्या वडिलांनी तिला दिलेलं. मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंच, आणि दोघांचंच जग. मागच्या वर्षी ज्येष्ठात बायको गेली. साळूबाई तिचं नाव.

जाण्याआधी साळूबाईनं रीतसर मृत्युपत्र केलं होतं. घर रंगनाथला. पण तेराव्याला तिचा भाचा सुनील चार लोकांत बोलून गेला, "घर आमच्या आज्याचं हाय. बघू काय करायचं ते." आणि चाकणला आपल्या नोकरीवर निघून गेला. ते 'बघू' रंगनाथच्या मनात रुतून बसलं. सत्तरीला टेकलेला माणूस. कर्जतला आता ओळख देणारं कोणी उरलेलं नाही. हे घर गेलं तर जायचं कुठे?

वकील म्हणाले, "प्रोबेट काढून घ्या. मृत्युपत्र खरं आहे असा एकदा कोर्टाचा शिक्का बसला की चिंता मिटली."

अर्ज मामांनीच लिहिला. कोर्टाची नोटीस निघाली: या मृत्युपत्राला कोणाची हरकत असेल त्यानं मुदतीत हजर व्हावं. एक प्रत पेपरात, एक घराच्या दारावर. ती डकवायला येणार होता हनुमंत बेलिफ. भारी थट्टेखोर माणूस. कोर्टाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "रंगनाथराव, तुमच्या गावात घराला दारच न्हाई. नोटीस डकवू कुठं? तुमच्या पाठीवर?"

सगळे हसले. मामाही हसले. रंगनाथ हसला नाही. एसटीत बसल्यावर त्याच्या डोक्यात एकच चक्र. उद्या सुनीलचा वकील उभा राहणार. म्हणणार, साहेब, नोटीस दारावर लागलीच नाही. झालं. सगळं रद्द. घर गेलं.

म्हणून तो सोनईला उतरला. कल्याण सुताराच्या दुकानात एक नवंकोरं दार तयार उभं होतं. "महिनाभर दे, परत आणून देतो," म्हणून ते टेम्पोत घालून घरी आणलं.

शेजारी गोळा झाले. "रंगनाथ, दार बसवतो का काय? आपल्या गावात?"

"बसवत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "टेकवतोय."

बिजागरी नाही, कडी नाही, खिळा नाही. चौकटीच्या बाजूला नुसतं टेकवलेलं.

इथे आरती हसली. मीही हसले. मामा थांबले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते हसत नसावेत.

"मार्गशीर्ष वद्य अष्टमीची रात," ते म्हणाले. "त्याच दिवशी दुपारी हनुमंत नोटीस डकवून गेल्ता."

नोटीस कणकेच्या खळीनं चिकटवलेली. शेजारची शेळी येऊन खळ चाटायला लागली, तिच्या धक्क्यानं दार कलंडायला आलं. दोनदा हाकलली. शेवटी रंगनाथनं अंधार पडल्यावर ते दार चौकटीत उभं केलं, नोटीस बाहेरच्या अंगाला, आणि आत दगड लावला. भाकरी केली. एकट्याची भाकरी. खाल्ली. भांडं धुतलं. बोलायला कोणी नव्हतं. वाकळ पायाशी ठेवून आडवा झाला.

जन्मात पहिल्यांदा त्या घरात तो बंद दाराआड झोपला होता. नंतर मामांना म्हणाला, "डब्यात घातल्यावानी वाटलं बघ."

अष्टमीचा चंद्र मध्यरात्री वर आला. घर पूर्वेच्या तोंडाचं. दाराखाली बोटभर फट होती, तिच्यातून उजेडाची एक पट्टी आत आली.

आणि मग दारावर... टक्‌. टक्‌.

"आता तुमाला काय त्याचं," मामा म्हणाले. "तुमच्या दारावर दिवसातून धा जन वाजवत्यात. पन शिंगणापुरात जिंदगी गेलेला मानूस. तिथं कुनी आलं तर भाईरनं हाळी देतं, न्हाईतर सरळ आत येतं. त्याच्या घरावर कुनी कधी वाजवलंच न्हवतं. त्याला वाटलं शेळीच हाय."

"हाड्," रंगनाथ म्हणाला.

टक्‌. टक्‌.

हळू. धीरानं. घाई नसल्यासारखं.

मग त्याला कळलं. टीव्हीत वाजवतात ते हे. दार वाजवतंय कोणीतरी.

"कोन हाय?"

उत्तर नाही.

"कोन हाय रं?"

काही नाही. त्यानं खाली पाहिलं. उजेडाची पट्टी मधेच तुटली होती. दोन ठिकाणी. दोन पावलांएवढी.

त्याच्या मनात एकच नाव. सुनील. रातचा आलाय. मला बाहेर काढून घरात बसायला आलाय. आणि दाराला कडी नाही!

तो उठला. धावत जाऊन दाराला पाठ लावून खाली बसला. पाय जमिनीत रोवले. डोकं मागे टेकवलं.

टक्‌. त्याच्या डोक्याच्या वर. अगदी जवळ.

"हरकत असंल तर कोर्टात घे!" तो ओरडला. "रातचा येऊ नको. घर माझं हाय. तिनं मला दिलंय!"

वाजायचं थांबलं.

बाहेर कोणी हललं नाही. श्वास नाही. चपलेचा आवाज नाही. नुसतं... थांबलेलं.

तेवढ्यानं त्याला जोर आला. तो म्हणाला, "जा. ह्या घरात तुजं काय न्हाई आता."

मामांनी अंधारात चाचपून पाण्याचा तांब्या उचलला. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी पार्थच्या छातीवर हात ठेवला. वर-खाली होत होती. ठीक होतं.

"मग?" आरतीनं हळूच विचारलं.

मग दाराखालची ती दोन पावलांची सावली पसरली. रुंद झाली. उभं माणूस खाली बसावं तशी. आणि दार... किंचित आत दबलं. त्याच्या पाठीला कळलं. पलीकडून कोणीतरी टेकलं होतं.

"बस," रंगनाथ म्हणाला. "बसायचं तर बस सकाळपातुर."

तो हलला नाही. पलीकडचंही हललं नाही.

थंडी वाढत गेली. पाय गारठले. पाठ मात्र... गरम होती.

कधीतरी त्याचा डोळा लागला.

उजाडलं तेव्हा दाराला भार नव्हता. दगड सारला, दार बाजूला घेतलं. बाहेर कोणी नाही. त्यानं तिथूनच सुनीलला फोन लावला.

"काल रातीला कशाला आल्तास?"

"मी?" सुनीलच्या मागे कंपनीचा भोंगा वाजत होता. "आतोबा, मी हितं चाकनला. आत्ता नाइट संपली माजी."

"मंग तुजी हरकत?"

"कसली हरकत? तेराव्याला बोललो ते रागात बोललो. आत्या मला दवाखान्यात काय म्हनली ठाव हाय का? तुज्या आतोबांना येकटं ठिवू नको म्हनली. मीच आलो न्हाई. चुकलं माजं."

मुदत संपली. कोणाची हरकत आली नाही. प्रोबेट मिळालं, घर रंगनाथचं झालं. कागद हातात घेतला त्या दिवशी तो कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहिला. मामा चहा घेऊन गेले, तर चहाकडे बघेना.

"वैजनाथ," तो म्हणाला, "ती गेल्यापासून रोज सकाळी वाकळ अंगावर असायची. मी पायाशी ठिवून झोपायचो. मला वाटायचं, झोपंत मीच वढून घेत असंन."

"आनि आता?"

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आता पायाशीच असती."

इकडे हॉलमध्ये आरती माझ्याजवळ सरकली. मी पार्थचं दुपटं नीट केलं. ते नीटच होतं. मी विज्ञानाची पदवीधर आहे, हे त्या क्षणी मला स्वतःला बजावून सांगावं लागलं, आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

"मामा," मी विचारलं, "आणि ते दार?"

मामांनी घसा साफ केला.

"ते सांगायचं ऱ्हायलंच. त्या दिवशी सकाळी त्यानं दार भाईर काढलं ना, तवा नोटिशीच्या खाली, हितं..." अंधारात त्यांनी बसल्या बसल्या आपल्या डोक्यामागे हात नेला. "खाली बसलेल्या मानसाचं डोकं टेकतं तिथं, तेलाचा डाग हुता. गोल. बायामानसं रोज एका जागी भिंतीला टेकून बसत्यात, तिथं पडतो तसा. आनि त्याचं सवताचं डोकं आतल्या अंगाला त्याच जागी हुतं."

"मग दार परत केलं?"

"केलं की, मुदत संपल्यावर. कल्यानला काय सांगितलं न्हाई. त्यानं डाग बघितला, रंधा मारला, वर रंगाचे दोन हात दिले. परवा मी सोनईला गेल्तो. दार अजून दुकानात उभं हाय. गिऱ्हाईक येतं, बघतं, दुसरं घेऊन जातं. रंगातनं डाग वर आलाय."

"जुनं तेल येतं कधी कधी वर," आरती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मी बी तेच म्हनलो," मामा म्हणाले. "म्हनून बोट लावून बघितलं..."

आम्ही वाट पाहिली.

"वलं हुतं."