घाट चढताना गाडी जड झाली

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल, पण हसू नका. आमच्या घरात हिच्यावर अजून कुणी हसत नाही.

कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या राज्यातली. दिवाळी नुकतीच झालेली. माझ्या आजोबांचा चुलता मौलाली शाहूपुरीतल्या हंबीरराव इनामदारांची मोटार चालवायचा. हंबीरराव विलायतेहून नवीन खूळ घेऊन आले होते. फळी घेऊन समुद्रात शिरायचं आणि लाटेवर स्वार होऊन किनाऱ्याला यायचं.

फळी करून दिली मौलालीच्या थोरल्या भावानं. ख्वाजा त्याचं नाव, सुतार माणूस. फळीला काही झालं तर हाताशी असावा म्हणून हंबीररावांनी त्यालाही बरोबर घेतलं.

पहाटेच निघाले. शाहूवाडीची पिवळी भातं मागं टाकली, आंबा घाट उतरला आणि रत्नागिरीच्या अंगाला आल्यावर रस्ता समुद्राच्या कडेनं धावायला लागला. ख्वाजानं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. तो नुसता बघतच राहिला.

दोन किनारे झाले. लाटा बारक्या म्हणून हंबीररावांना पसंत पडेनात.

तिसऱ्या किनाऱ्यावर लाटा माणसापेक्षा उंच होत्या. जाळं विणत बसलेल्या कोळ्यानं सांगितलं, इथं पाणी आत ओढतं, आम्हीही उतरत नाही. हंबीरराव हसले. पण लाटांकडं बघून त्यांचा पाय काही पुढं पडेना.

मग म्हणाले, "ख्वाजा, फळी तुझी. आधी तूच जा."

"सरकार, त्यो न्हाय जाणार," मौलाली म्हणाला. "पंचगंगेत पवणारा माणूस हाय त्यो."

हंबीररावांनी नुसतं डोळे वटारून पाहिलं. ख्वाजानं भावाचा खांदा दाबला. "जाऊन येतो की."

एका लाटेवर तो दिसला.

मग फळी आली...

एकटीच.

कोळ्यांनी होडी घातली. दुपार उलटेपर्यंत शोधलं. हंबीररावांच्या बुटाला पाणीसुद्धा लागलं नव्हतं. शेवटी त्यांनी गाडी काढायला सांगितलं. मी थांबतो, म्हणून मौलाली हात जोडून उभा राहिला.

"आणि गाडी कोण चालवणार? तुझा भाऊ?"

मौलालीनं जोडलेले हात सोडले. इथं उभा राहिलो तर ह्याचा गळा धरीन, एवढंच त्याला कळलं. तो गाडीत बसला.

आंबा घाट लागला तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं.

चढाला गाडी दमायला लागली. माणसं दोनच. फळी किनाऱ्यावरच टाकलेली. पण गाडी तिघांचं ओझं ओढत होती. चालवणाऱ्याला ते कळतं.

मग आवाज आला...

टप्... टप्...

मौलालीनं गाडी थांबवली. इंजिन पाहिलं. सगळं कोरडं. परत बसला, गाडी चालू केली.

टप्...

मागून हंबीररावांचा बारीक आवाज आला. "मौला... मागं कुणाला घेतलंस?"

मौलालीनं गाडी तशीच चालू ठेवली.

"सरकून बसायला सांग त्याला. भिजवतोय मला."

मौलालीनं वळून पाहिलं.

हंबीरराव दाराला चिकटून आक्रसले होते. शेजारी कुणी नव्हतं. पण तिथलं बैठकीचं कातडं खोल दबलं होतं... आणि त्यावरून पाणी खाली ठिबकत होतं.

गाडी थांबव, मला उतरू दे, म्हणून हंबीरराव रडायला लागले. मौलालीनं थांबवली नाही. मान पुढं वळवून तो म्हणाला,

"बसा की, सरकार. भाऊच हाय माझा."

मलकापूर येईतो मागचा आवाज बंद झाला होता.

दिवेलागणीला कोल्हापुरात गड्यांनी हंबीररावांना उचलून उतरवलं. अंगावरचे कपडे पिळून काढण्यासारखे झाले होते. पुढं ते पुष्कळ वर्षं जगले. पण बसताना कायम एका कडेला सरकून बसायचे.

ख्वाजाचं प्रेत कधीच मिळालं नाही.

मौलाली म्हातारपणी हे सांगताना संतापायचा. आम्हा पोरांना वाटायचं, राग हंबीररावांवर असेल. त्यांच्यावर नव्हता.

"माझ्याशेजारची जागा मोकळी हुती," तो ओरडायचा. "सबंध घाटभर मोकळी हुती. सख्खा भाऊ मी... आणि माझ्याकडं एकदा बघितलं बी न्हाय त्येनं."

मग दाराकडं बघत बसायचा.

आम्ही कुणी दाराकडं बघत नसू.