महादूच्या नावची गोळी

दुपारी उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर पोचले तेव्हा भागीमावशी अंगणात नागली पाखडत होती. तिच्या नवऱ्याची, महादूची, चौकशी केली तर तिने मानेनेच आत दाखवलं. मी श्वासाच्या आजारांची डॉक्टर. कुष्ठरोगावरचं एक जुनं औषध साथीच्या विषाणूने होणाऱ्या न्यूमोनियाला आवरतं का, हे आम्ही शहापूर-मुरबाडच्या गावांतून पाहत होतो. महादूने दवाखान्यात यायला साफ नकार दिला, म्हणून गोळ्या घरीच सुरू केल्या होत्या. तो वाचेल असं खरं तर मला वाटलं नव्हतं.

तो खाटेवर शांत झोपला होता. बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन शहाण्णव. माझा विश्वास बसेना, यंत्र पुसून पुन्हा लावलं. तेवढाच. या औषधाने घाम लालसर होतो. महादूची उशी गेरू सांडल्यासारखी झाली होती. मला इतका आनंद झाला की मावशीला मिठीच मारावीशी वाटली.

"गोळ्या वेळेवर दिल्यात ना, मावशी?"

"दिल्या नाय. मीच खाल्ल्या."

"तुम्ही?"

"त्यांच्या पोटात काय ठरत नव्हतं, बाई. पाणीसुदा उलटायचं. मंग त्यांच्या नावानं मीच घेतल्या. उपास नाय का धरीत आमी त्यांच्या नावानं? तसंच."

मी कपाळावर हात मारला. चांगली खरडपट्टी काढणार होते, पण आधी कापसाचा बोळा तिच्या घामेजल्या कपाळावरून फिरवला. बोळा पांढराच राहिला. दुसरा महादूच्या कपाळावरून फिरवला.

तो लाल झाला.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. कॉलेजात पहिल्यांदा धडधडतं हृदय उघडं पाहिलं तेव्हा आला होता, तसा.

पाकिटात अजून गोळ्या होत्या. महादूला उठवावं, त्याची गोळी त्यालाच द्यावी, हे मला कळत होतं. पण तसं केल्याने सगळं बिनसलं तर? हा माणूस पुन्हा धापा टाकायला लागला तर?

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता कुनी घ्यायची, बाई?"

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

तिने ती तोंडात टाकली, तांब्यातलं पाणी वरून ओतलं.

खाटेवर गाढ झोपलेल्या महादूचा कंठमणी वर सरकला आणि खाली आला.