आवाज न करणारी डिस्क

ताई भावोजींचा लॅपटॉप घेऊन धाकट्या भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात आली, तेव्हा लख्ख दुपार होती. लॅपटॉप फार मंदावला होता. चहा टाकून, गाळून, पिऊन झाला तरी पडदा उजळत नसे. मालकाच्या वळणावर गेलाय, असं भाऊ म्हणाला. भावोजी हयातीत कुठल्याच लग्नाला वेळेवर पोचले नव्हते. वेळेआधी गेले ते एकदाच.

ताई हसली नाही. तिला त्यातली एकच गोष्ट हवी होती. माइक तपासताना भावोजी काहीतरी बोलले होते, ते त्यात राहिलं होतं. त्यांचा आवाज आता जगात तेवढाच उरला होता.

भावाने तपासणी केली. मेमरी धडधाकट, व्हायरस नाही, एकही प्रोग्रॅम चालू नाही. तरी हार्ड डिस्क शंभर टक्के कामात. मागचं झाकण काढून त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. या धंद्यातले जुने लोक असंच ऐकतात. चांगली डिस्क घुमते, मरणारी खटखटते. ही...

टक, टक, टक. मग शांतता. मग टक.

तोच ठेका त्याने बोटांनी टेबलावर वाजवून दाखवला. ताईचा चेहरा उतरला.

"काही सापडेना की हे असंच वाजवत बसायचे..." ती पुटपुटली. "सापडेपर्यंत."

भावाने विषय झटकला. डिस्क म्हातारी झालीय, एकाच जागी अडखळतेय, इतकंच. ती जागा म्हणजे नेमका तो आवाज होता, हे मात्र त्याने सांगितलं नाही. त्याने सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि जुनी काढून टाकली. नवीत फिरणारं, हलणारं काहीच नसतं, नुसत्या चिप्स. लॅपटॉप पापणी लवायच्या आत उघडला.

थोडी खरखर, आणि भावोजी म्हणाले, "अगं... कुठे आहेस तू?"

ताईने डोळे पुसले. भावाने लॅपटॉप बंद केला, आणि सवयीने नव्या डिस्कला स्क्रूड्रायव्हर लावून मूठ कानाशी नेली.

टकटकटकटकटक. मध्ये थांबणं नव्हतंच.

त्याने मूठ कानापासून दूर केली. तरी ऐकू येत होतं.

"ताई, आज... इथेच राहू दे."

"नको रे. घरात तेवढीच सोबत."

तिने झाकण लावलेला लॅपटॉप उचलून छातीशी धरला.

टकटक थांबली.